जमिनीवर बसून, नैसर्गिक आडोशातून धनुष्यबाणाने हरणाची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या हरणाची आणि कुठल्या मुलखाची?

इथे मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल लिहिलं आहे. तिथे ही शिकार परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या यांच्या चौकटीत होते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे यातलं काहीही इथल्या चितळ-सांबरावर करून बघण्यासाठी नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे, हंगामात परवाना काढून जंगलात उतरू पाहणारे मराठी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत.

शिकारीला परवानगी तरी का आहे?

१९०० च्या सुमारास अनिर्बंध शिकारीमुळे अमेरिकेत व्हाइटटेल हरणं अंदाजे पाच लाखांपर्यंत खाली आली होती. नंतर बाजारासाठीची शिकार बंद झाली, हंगाम आणि मर्यादा आल्या. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कराखाली आले. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. लांडगा आणि प्यूमा बहुतेक भागांतून गेलेले असल्यामुळे अनेक ठिकाणी हरणं जंगलातली कोवळी रोपं वाढूच देत नाहीत, म्हणून मर्यादित शिकारीने त्यांची संख्या आटोक्यात ठेवली जाते. धनुष्यबाणाच्या शिकारीला विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये वेगळा हंगाम दिला, मग इतर राज्यांनी.

सगळे झाडावरच्या मचाणावर बसतात. मग जमिनीवर का बसायचं?

मचाणाचे फायदे खरे आहेत. हरीण सहसा वर बघत नाही, तुमचा वास काही प्रमाणात त्याच्या डोक्यावरून जातो आणि नजर लांबवर पोचते. पण मचाण वाहून न्यावं लागतं, योग्य झाड योग्य जागी असावं लागतं, आणि मचाणावरून पडून दरवर्षी लोक जायबंदी होतात. हरणांनी वाट बदलली किंवा वारा फिरला तर मचाण उचलून हलवण्यात सकाळ जाते. जमिनीवर बसलेला माणूस पन्नास पावलं सरकतो आणि पुन्हा बसतो.

माझ्या दृष्टीने मोठा फायदा वेगळाच आहे. जमिनीवर तुम्ही हरणाच्या डोळ्यांच्या पातळीवर असता. त्यामुळे लांबून बाण टाकण्याचा मोह आपोआप सुटतो आणि हरीण खरोखर जवळ येईपर्यंत थांबावं लागतं. बाणाची शिकार मुळात जवळ जाण्याची शिकार आहे, आणि ती जमिनीवर जितकी कळते तितकी उंचावरून कळत नाही.

वाऱ्याला एवढं महत्त्व का?

कारण बाकी सगळ्या चुका हरीण एखाद वेळेस माफ करतं, वासाची करत नाही. काही हललेलं दिसलं तर ते थांबून बघतं. खुट्ट झालं तर कान टवकारतं आणि पुन्हा चरायला लागतं. माणसाचा वास नाकात गेला की मात्र दुसरा पुरावा मागत नाही, शेपटी उभारून निघून जातं.

वाऱ्याचा विचार दोन थरांत करावा लागतो. पहिला थर म्हणजे हवामान खात्याने सांगितलेला वारा, उदाहरणार्थ वायव्येकडून. दुसरा थर उताराचा. रात्री थंड झालेली हवा जड असते, ती पाण्यासारखी दरीकडे वाहते. सकाळी उन्हाने उतार तापला की हवा वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडताच ती पुन्हा खाली उतरते. म्हणून पहाटे ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास खालून येणाऱ्या हरणापर्यंत जाईल आणि दहा वाजता त्याच जागेचा हिशोब उलटा होईल. दिवस उजाडताना आणि मावळताना, हवेची दिशा बदलते त्या मधल्या वेळात, वारा कुठेही भरकटतो. अनुभवी माणसंसुद्धा याच वेळी पकडली जातात.

दिशा बघण्यासाठी पावडरची छोटी बाटली मिळते. मला मिल्कवीड या रुईसारख्या झुडपाच्या शेंगेतल्या म्हाताऱ्या जास्त आवडतात. एक म्हातारी सोडली की ती तीस-चाळीस पावलं तरंगत जाते, आणि वारा पुढे झाडीत शिरून कुठे वळतो तेही दिसतं. पावडर दोन हातांवरच विरून जाते.

वारा हरणाकडून थेट तुमच्या तोंडावर असावा असं पुस्तकी उत्तर आहे. प्रत्यक्षात आडवा वारा बरा पडतो. हरणांना वारा अंगावर घेऊन किंवा तिरकस घेऊन चालायला आवडतं, तेव्हा त्यांच्या वाटेला आडव्या जाणाऱ्या वाऱ्यात तुमची जागा जास्त नैसर्गिकपणे बसते. तुमचा वास ज्या पट्ट्यात जातो तिकडून हरीण येणार नाही एवढी खात्री करा. तिकडे तळं, उघडं माळरान किंवा रस्ता असला तर उत्तम.

वास घालवणारे साबण आणि फवारे उपयोगी पडतात का?

थोडेफार. वास कमी होतो, नाहीसा होत नाही. स्वच्छ अंग, बिनवासाच्या साबणात धुतलेले कपडे आणि रबरी बूट एवढं ठेवा. त्यापुढे पैसे घालवण्याआधी वारा शिका.

ही काळजी नवी नाही. ‘याही’ (Yahi) नावाच्या मूलनिवासी जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले. पोप यांनी लिहून ठेवलं आहे की हरणाच्या शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला सुगंधी पाला चोळत असे. पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या पोप अँड यंग क्लबला पोप आणि त्यांचे साथी आर्ट यंग यांचंच नाव दिलं गेलं.

लपण कुठे आणि कशाचं करायचं?

नवखा माणूस समोर फांद्यांची भिंत उभी करतो आणि तिच्या फटीतून बघत बसतो. हे उलटं आहे. आडोसा पाठीमागे दाट हवा, समोर फक्त कमरेपर्यंत. पाठीमागे दाट असेल तर तुमची आकृती त्यात विरघळते आणि हात हलला तरी मागच्या काळोखात हलतो. पाठीमागे आकाश किंवा उघडं शेत असेल तर समोर कितीही पाला लावा, मान वळली की उठून दिसते.

चांगल्या जागा कोणत्या? मुळांसकट उन्मळून पडलेलं मोठं झाड ही पहिली पसंती. मुळांचा मातीसकट उभा राहिलेला गड्डा पाठीला घ्यावा, खाली खड्डाही तयार असतो. सीडर किंवा लहान स्प्रूस यांचा झुपका हंगामाच्या शेवटीही हिरवा राहतो, बाकी झाडं तेव्हा बोडकी झालेली असतात. मक्याच्या शेताची कड, दोन जाड खोडांच्या मधली बेचकी, ओढ्याचा कोसळलेला काठ, जुन्या कुंपणावर माजलेल्या वेली, हेही चालतं.

जागा सावलीत हवी. सूर्य कुठून कुठे जाणार हे बसण्याआधी बघा, कारण सकाळी सावलीत असलेलं लपण नऊ वाजता उन्हात उघडं पडतं. उन्हात धनुष्याचा धातू, चष्मा आणि कपाळ सगळं चमकतं.

हरणांच्या वाटेवरच बसू नका. वाटेपासून पंधरा ते वीस यार्ड बाजूला बसा, म्हणजे समोरून येणारं हरीण थेट तुमच्याकडे बघत येणार नाही. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या माणसाला बसल्या बसल्या डावीकडे सहज वळता येतं, उजवीकडे जवळपास नाही. म्हणून अपेक्षित वाट आपल्या डाव्या अंगाला येईल असं बसा. डावखुऱ्यांनी उलट.

हरणं कुठून येतील हे कसं ओळखायचं?

खाणं आणि झोपण्याची जागा शोधा, मग त्या दोहोंमधली वाट. ओकची फळं पडत असतील तर हरणं शेत सोडून तिकडे जातात. ताज्या लेंड्या, खुरांनी दबलेली पानं, नराने शिंगं घासून सोललेली खोडं आणि फांदीखाली खुराने उकरलेली माती या खुणा वाचा. उत्तरेकडच्या राज्यांत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नर माजावर असतात आणि भर दुपारीही फिरतात. एरवी पहाट आणि तिन्हीसांज हाच वेळ.

लपणासाठी फांद्या तोडल्या तर चालतं?

खासगी जमिनीवर मालकाला विचारून. सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी जिवंत झाडं-फांद्या तोडायला मनाई असते. पडलेल्या फांद्या आणि वाळकं झुडूप पुरेसं असतं, आणि ते दिसतंही खरं, कारण नव्याने तोडलेला पाला दोन दिवसांत कोमेजून वेगळा पडतो.

बाणाची वाट मोकळी आहे का, हे मात्र बसलेल्या उंचीवरून तपासा. इथे एक फसगत आहे. बाण डोळ्याच्या काही इंच खालून सुटतो आणि किंचित कमान घेत जातो. त्यामुळे डोळ्याला स्वच्छ दिसणारी वाट बाणाला स्वच्छ असेलच असं नाही. लपणाच्या तोंडाशी असलेली पेन्सिलीएवढी काडीसुद्धा बाण भलतीकडे नेते.

हरणाला रंग दिसतात का? कपडे कसले घालावेत?

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. निळा रंग त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो, लाल आणि नारिंगी मात्र वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट त्याला भडक वाटत नाही, पण निळी जीन्स उठून दिसते. कपडे उजळ करणाऱ्या साबणपावडरी अतिनील प्रकाशात चमक आणतात, त्या टाळा.

नक्षी कोणती यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हरणाला सुमारे ३०० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो आणि त्याची नजर हालचाल टिपण्यासाठी घडलेली आहे. स्थिर बसलेला माणूस साध्या करड्या लोकरी कपड्यांतही निभावून जातो. चेहरा आणि हात मात्र झाका, दोन्ही उजळ असतात आणि सर्वांत जास्त हलतात.

तासन्‌तास स्थिर बसायचं कसं?

आरामात बसून. अवघडलेला माणूस चुळबुळ करतो. कमी उंचीचं, आवाज न करणारं स्टूल किंवा जाड गादी घ्या. बसण्याआधी पायाखालची वाळकी पानं आणि काटक्या हाताने बाजूला करून माती उघडी करा, म्हणजे पाय सरकवला तरी आवाज होणार नाही. धनुष्य मांडीवर उभं धरून, बाण दोरीला लावूनच बसा. ते जमिनीवरून उचलण्याची हालचाल नको.

सराव याच स्थितीत करा. मैदानात उभं राहून अचूक मारणारा स्टुलावर बसला की त्याच्या खांद्याची ठेवण बदलते आणि धनुष्याचं खालचं टोक गुडघ्याला किंवा स्टुलाला लागतं. हिवाळी जाकीट घालून, गुडघ्यावर बसून, अंग पिळून, सगळ्या तऱ्हांनी आधीच मारून बघा.

धनुष्य ओढायचं तरी कधी? हरीण बघेल ना!

जमिनीवरच्या शिकारीतला सगळ्यात अवघड क्षण हाच. दोरी ओढणं ही तुमची सर्वांत मोठी हालचाल असते आणि ती हरणाच्या डोळ्यांसमोर करायची असते. उत्तर जागा निवडतानाच शोधून ठेवावं लागतं. बाण सोडायच्या मोकळ्या पट्ट्याच्या थोडं अलीकडे हरणाचं डोकं झाकेल असं जाड खोड किंवा दाट झुडूप हवं. डोकं त्यामागे गेलं की ओढा, बाहेर आलं की तुम्ही तयार.

खोड नसेल तर हरणाने मान खाली घालून चरायला सुरुवात केल्यावर किंवा तोंड पलीकडे वळवल्यावर ओढा. फसवी मान ओळखायला शिका. संशय आला की हरीण डोकं खाली नेल्यासारखं करतं आणि झटक्यात वर काढतं. शेपटी सैल हलली आणि कान इकडेतिकडे फिरायला लागले की ते निवांत झालं असं समजा. कळप असेल तर ज्याच्यावर नेम धरला आहे त्याच्याकडेच बघत राहू नका. बाकीच्या माद्यांचे डोळे कुठे आहेत ते पाहा, बहुधा एखादी वयस्क मादीच तुम्हाला पकडते.

दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. धनुष्य आकाशाकडे नेऊन खेचावं लागत असेल तर ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, तुमच्यासाठी जास्त आहे, ते कमी करा. किती पाउंडांपर्यंत कमी चालेल हे राज्याच्या नियमात बघून घ्या.

किती अंतरावरून बाण सोडावा?

जमिनीवरून वीस यार्ड म्हणजे सुमारे १८ मीटर ही माझी सीमा आहे, आणि पारंपरिक धनुष्य असेल तर त्याहून कमी. याला कारण आहे. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फूट वेगाने गेला तरी वीस यार्डांना ०.२१ सेकंद लागतात, तीस यार्डांना ०.३२. दोरीचा आवाज बाणाआधी पोचतो, आणि दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं. तीस यार्डांवर ते इतकं खाली जाऊ शकतं की फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो. धनुष्य कितीही महाग असलं तरी यातून सुटका नाही.

नेम कुठे धरायचा आणि कधी धरायचाच नाही?

हरीण पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या उंचीवर. दोन्ही फुप्फुसं तिथे आहेत. जमिनीवरून बाण सपाट जातो, त्यामुळे दोन्हींतून आरपार जाण्याची शक्यता उंचावरून मारलेल्यापेक्षा जास्त. हरीण थोडं पलीकडे तोंड करून तिरकं असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरा आणि बाण तिकडे निघेल असा नेम घ्या.

समोरून, मागून, तुमच्याकडे तिरक्या आलेल्या आणि चालत्या हरणावर बाण सोडू नका. जमिनीवर समोरून येणारं हरीण वारंवार भेटतं, दहा यार्डांवर उभं राहून बघत असतं आणि हात शिवशिवतात. तिथे छातीचं हाड आणि खांदा बाण अडवतात, चुकीला जागा फार थोडी. ते वळेपर्यंत थांबा. नाही वळलं तर जाऊ द्या. यावर मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. काही नामांकित शिकारी समोरून मारतात. तरी नवशिक्याला हा सल्ला देणं मला चुकीचंच वाटतं, कारण त्याची किंमत हरीण चुकवतं.

हरणाने मला पाहिलं आणि ते पाय आपटू लागलं. आता?

हलू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, पापण्या अर्ध्या मिटा. पाय आपटून ते तुम्हाला हलायला भाग पाडत असतं. वास लागला नसेल तर बरेचदा ते शांत होऊन पुढे जातं. फुत्कारून पळालं तर ती जागा त्या दिवसापुरती संपली.

बसण्याऐवजी दबकत चालत गेलं तर?

ओल्या पानांच्या दिवशी किंवा भणाणत्या वाऱ्यात जरूर. वाऱ्याच्या तोंडाला तोंड देऊन दोन पावलं टाका, मग एखाद्या खोडाला लागून चांगला वेळ थांबून बघा. पूर्ण हरीण शोधू नका. पाठीची आडवी रेषा, कानाची फडफड, पायाचा कोन असे तुकडे शोधा, कारण झाडीत आडव्या रेषा थोड्याच असतात. कोरड्या पानांवर हा प्रकार जवळपास व्यर्थ आहे.

कोणतं धनुष्य घ्यावं?

कंपाउंड धनुष्याला पूर्ण ताणावर फार कमी वजन धरावं लागतं, म्हणून हरीण खोडामागून बाहेर येईपर्यंत थांबता येतं. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, हलकं असतं, पटकन सुटतं, पण फार वेळ ताणून धरता येत नाही आणि वर्षभर सराव मागतं. दाट झुडपात लांबीने आखूड धनुष्य सोयीचं. बाणाचं पातं दाढी करता येईल इतकं धारदार हवं, यात सूट नाही.

जमिनीवर धोका कशाचा?

पहिला, दुसऱ्या शिकाऱ्यांचा. बंदुकीचा हंगाम चालू असताना अनेक राज्यांत धनुर्धाऱ्यालाही नारिंगी कपडे सक्तीचे असतात आणि काही ठिकाणी लपणावरही नारिंगी कापड लावावं लागतं. सक्ती नसली तरी लावा. माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला. उघडं पातं लावलेला बाण घेऊन चालू नका.

दुसरा धोका गोचिडांचा, आणि जमिनीवर बसणाऱ्याला तो मचाणावाल्यापेक्षा जास्त. काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो. कपड्यांवर आणि बुटांवर आधीच परमेथ्रिन मारून वाळवा (अंगावर नाही), पॅन्ट मोज्यात खोचा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळं तपासा.

बाण लागला. लगेच मागे जायचं का?

नाही. हरीण शेवटचं कुठे दिसलं त्या झाडावर नजर ठेवा आणि बसून राहा. नंतर बाण शोधून त्यावरचं रक्त बघा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासाने निघा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, चार ते सहा तास थांबा. हिरवट, दुर्गंधी चिकटा असेल तर पोटात लागलं आहे, आठ ते बारा तास जाऊ द्या. घाईने मागे गेलात तर आडवं झालेलं हरीण उठतं आणि मैलभर जाऊन हरवतं. शेवटच्या रक्ताच्या थेंबाशी खूण बांधत चला, रक्तावर पाय देऊ नका. अनेक राज्यांत दोरीला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरता येतो, त्याच्या मालकाचा संपर्क हंगामाआधीच लिहून ठेवा. माग दुसऱ्याच्या जमिनीत गेला तर आधी मालकाला विचारा.

परवान्यासाठी काय करावं लागतं?

राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा. बहुतेक राज्यांत नवख्याला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, काही ठिकाणी धनुर्धाऱ्यांसाठी वेगळा असतो. त्यानंतर परवाना आणि हरणाचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी. बाण सोडण्याची कायदेशीर वेळ, दाणे टाकून हरणं बोलावणं, क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा असलेलं आडवं धनुष्य) यांचे नियम राज्यागणिक बदलतात, आणि काही ठिकाणी दरवर्षी.

मांसाचं काय?

टॅग लावा, आतडी लवकर काढा, पोकळी उघडी ठेवून थंड होऊ द्या. ऊब असेल तर मांस तासांत बिघडतं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा आढळला आणि आता बऱ्याच राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. अशा भागात हरणाची तपासणी करून घ्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव लिहून गोठवून ठेवा आणि मेंदू-मणका कापताना हातमोजे घाला. बाधित भागातून डोकं किंवा पाठीचा कणा बाहेर नेण्यावरही अनेकदा बंदी असते, तेव्हा निघण्याआधी तेवढा नियम वाचून घ्या.